पेट्रोल पंप, सीएनजी आणि चार्जिंगचा एकच खुला नकाशा: तीन स्रोतांचे आकडे जुळत का नाहीत?

नकाशावही (प्रश्न)

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यासाठी वाहन-इंधनाचा एक थर (नकाशावर चढवता येणारा ठिपक्यांचा डेटा) बनवायचा आहे. त्यात साधे पेट्रोल-डिझेलचे पंप, सीएनजी, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू), वाहनांचा एलपीजी, ई८५ (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन), बायोडिझेल, हायड्रोजन आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग, सगळं हवं. थर पुढे सगळ्यांना खुला करायचा असल्याने स्रोतही सार्वजनिकच घेतले आहेत. काम क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आणि पायथनमध्ये चालू आहे.

घेतलेले स्रोत असे: १) अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं अल्टरनेटिव्ह फ्युएल्स डेटा सेंटर, म्हणजे एएफडीसी, त्याच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने थेट डेटा मागवायच्या सोयीतून. २) ओपनस्ट्रीटमॅप (ओएसएम), म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा, ओव्हरपास या त्याच्या शोधसेवेतून. ३) राज्याच्या पर्यावरण विभागाकडची भूमिगत इंधन टाक्यांची नोंदवही.

अडचणी:

• एएफडीसीच्या उत्तरात विजेचा एकूण आकडा आणि प्रत्यक्ष ओळींची संख्या यांत काही पटींचा फरक पडतो.
• टाक्यांच्या नोंदवहीतल्या जागा ओएसएममधल्या पंपांपेक्षा खूपच जास्त भरतात.
• ओएसएममध्ये एकाच पंपावर दोन-दोन ठिपके येतात, आणि काही पंप यायला हवेत तिथे येतच नाहीत.
• एएफडीसीचे काही ठिपके भर रस्त्यात पडतात.
• ५० मीटरच्या आतले ठिपके एक करायचे असं ठरवलं, तर काही ठिकाणी दोन वेगळे पंप एक झाले आणि काही ठिकाणी एकच पंप दुहेरी राहिला.

हे एकत्र करायची योग्य पद्धत कोणती? आणि एकत्र केलेला डेटा कोणत्या परवान्याखाली द्यावा लागेल?

---

अक्षवृत्त

आकडे जुळवायला बसण्याआधी 'पंप' या शब्दाचा निकाल लावा. आपण मराठीत पंप म्हणतो ते सगळ्या आवाराला. अमेरिकन डेटात पंप म्हणजे नळी लावलेलं एक यंत्र. 'गॅस'चंही तसंच. तिथल्या बोलीत गॅस म्हणजे पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजी नव्हे. कॉलमचं मराठी शीर्षक करताना 'गॅस स्टेशन'चं 'गॅस पंप' केलंत, तर नकाशा वापरणारा सीएनजी भरायला पेट्रोल पंपावर जाईल.

यातून तीन वेगळी एककं निघतात आणि तुमची पहिली अडचण तिथेच आहे: जागा, पोर्ट आणि कनेक्टर. पोर्ट म्हणजे एका वेळी एक गाडी चार्ज करू शकणारी सोय. कनेक्टर म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग.

एक उदाहरण घेऊ. पार्किंगमध्ये चार डीसी फास्ट (झटपट चार्ज करणारे) खांब आहेत. प्रत्येकाला एक सीसीएस आणि एक चाडेमो (प्लगांचे दोन प्रकार) केबल आहे, पण एका वेळी एकच चालते. शेजारी लेव्हल २ चे, म्हणजे त्याहून सावकाश चार्ज करणारे, दोन खांब आहेत. त्यांना प्रत्येकी दोन केबल आहेत आणि दोन्ही एकदम चालतात. इथे जागा १, पोर्ट ४ + ४ = ८ आणि कनेक्टर ८ + ४ = १२. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत.

एएफडीसीच्या एपीआयत 'स्टेशन काउंट्स' नावाचा गट येतो. त्यात इंधनवार आकडे असतात. विजेखालचा 'टोटल' हा पोर्टांचा असतो आणि त्याच्याच आत 'स्टेशन्स' खाली जागांचा आकडा वेगळा दिलेला असतो. तुम्ही पोर्टांच्या बेरजेची तुलना ओळींच्या संख्येशी करताय. ओळी मोजायच्या असतील तर 'स्टेशन्स' खालचा आकडा घ्या. पोर्ट हवे असतील तर लेव्हल १, लेव्हल २ आणि डीसी फास्टचे तीन कॉलम बेरजेला घ्या, आणि त्यातले रिकामे रकाने आधी शून्य करून घ्या. नाहीतर पायथनमध्ये साध्या अधिक चिन्हाने केलेली बेरीज जिथे एकही रकाना रिकामा आहे तिथे रिकामीच येते.

याच तक्त्यातली दुसरी खोच अशी की एका ओळीला एकच इंधन कोड असतो. एकाच आवारात ई८५ आणि बायोडिझेल दोन्ही मिळत असतील तर तिथल्या दोन ओळी येतात. म्हणून 'एकूण ओळी म्हणजे एकूण जागा' हे समीकरण विजेपलीकडेही खरं नाही. थर बनवताना दोन तक्ते ठेवा: एक जागांचा, दुसरा त्या जागेवर मिळणाऱ्या इंधनांचा. दोन्हींना जोडणारा क्रमांक तुमचा स्वतःचा असू द्या. सगळं एका सपाट तक्त्यात कोंबलं की पुढची प्रत्येक मोजणी चुकते.

एपीआय मागवताना हे पॅरामीटर स्पष्ट लिहा, डिफॉल्टवर सोडू नका:

'स्टेटस': ई म्हणजे चालू, पी म्हणजे नियोजित, टी म्हणजे तात्पुरतं बंद. नकाशासाठी ई आणि टी दोन्ही घ्या, टी वेगळ्या रंगात दाखवा. पी मुख्य थरात मिसळू नका. नियोजित जागांच्या 'एक्स्पेक्टेड डेट'ची मुदत उलटून गेलेली असली तरी नोंद पी राहिलेली सापडते.

'ॲक्सेस': पब्लिक की प्रायव्हेट. सीएनजी, एलएनजी आणि बायोडिझेलमध्ये खासगी ताफ्यांच्या जागा बऱ्याच असतात. नुसतं 'पब्लिक' पाहूनही थांबू नका. 'ॲक्सेस डिटेल' कोडमध्ये आधी फोन करायला लागतो का, ठरावीक कार्ड किंवा किल्ली लागते का, वेळ मर्यादित आहे का, हे येतं. नियमित कार्ड-किल्लीवाली जागा वाटसरूच्या उपयोगाची नाही.

'स्टेट' आणि 'कंट्री': या तक्त्यात कॅनडाही आहे. सीए हा कोड राज्याच्या रकान्यात कॅलिफोर्निया असतो आणि देशाच्या रकान्यात कॅनडा. मॅसॅच्युसेट्सला याचा त्रास नाही, पण तीच स्क्रिप्ट पुढे इतर राज्यांना लावणार असाल तर आत्ताच काळजी घ्या.

आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. मॅसॅच्युसेट्सचे झिप कोड, म्हणजे तिथले पिन कोड, शून्याने सुरू होतात. ०२१३९ चं २१३९ झालं की पत्त्यावरची जुळणी तिथेच मोडते. पायथनमध्ये वाचताना झिपचा कॉलम मजकूर म्हणूनच घ्या.

---

टाकी_आणि_टोटी

टाक्यांच्या नोंदवहीबद्दल. ती पंपांची यादी नाहीच. प्रदूषण रोखण्यासाठी ठेवलेली टाक्यांची यादी आहे. पंप तिच्यात येतात ते त्यांच्याकडे टाक्या असतात म्हणून.

संघराज्याच्या नियमात भूमिगत टाकीची व्याख्या अशी आहे की टाकी आणि तिला जोडलेली जमिनीखालची पाइपलाइन मिळून एकूण आकारमानाचा किमान १० टक्के भाग जमिनीखाली हवा. त्यामुळे या यादीत बस डेपो, पोलीस आणि अग्निशमन दलाची गॅरेजं, विमानतळ, इस्पितळांच्या जनरेटरच्या डिझेल टाक्या, गोल्फ मैदानांची यार्डं असं सगळं येतं. बंद पडलेल्या आणि उपसून काढलेल्या टाक्यांच्या नोंदीही राहतात. तुमचा फुगलेला आकडा इथून येतोय.

उलट बाजूही आहे. जमिनीवर ठेवलेल्या टाकीतून पेट्रोल विकणारा छोटा पंप या यादीत नसतो. सीएनजी तर नसतोच, कारण यादी पेट्रोलियम आणि घातक द्रव्यांच्या टाक्यांची आहे, दाबाखालच्या नैसर्गिक वायूची नाही. वाहनांच्या एलपीजीचंही तसंच. म्हणजे ही यादी एकाच वेळी जास्तही आहे आणि कमीही.

चाळण्याचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा टाकीच्या स्थितीवर: 'वापरात' ठेवा, 'तात्पुरती सेवेबाहेर' वेगळी काढा, 'कायमची बंद' सोडा. मग साठवलेल्या द्रव्यावर: पेट्रोल असलेल्या टाक्या घ्या. फक्त डिझेल किंवा हीटिंग ऑइल असलेली जागा बहुधा जनरेटर, बॉयलर किंवा ताफ्याची असते, म्हणून ती 'तपासायची' ढिगात टाका. तिसऱ्यांदा सुविधेच्या प्रकारावर: किरकोळ विक्री. हे झाल्यावरच टाक्यांचे गट करून जागा बनवा, म्हणजे एका सुविधा क्रमांकाला एक बिंदू. गट आधी केलात तर एकच जुनी बंद टाकी सगळ्या जागेला बंद ठरवते.

उद्योग वर्गवारीचा, म्हणजे एनएआयसीएसचा कोड वापरून चाळणार असाल तर वर्ष पाहा. २०१७ च्या आवृत्तीत पेट्रोल पंप ४४७ खाली होते: दुकानासह ४४७११०, इतर ४४७१९०. २०२२ च्या आवृत्तीत ते ४५७११० आणि ४५७१२० झाले. गोम अशी की नव्या ४५७ मध्ये इंधन विक्रेतेही आले आहेत, ४५७२१० खाली. घरगुती हीटिंग ऑइल आणि सिलिंडरचा एलपीजी पोचवणारे ते हेच. २०१७ मध्ये ते ४५४३१० खाली वेगळे होते. पूर्वीच्या सवयीने 'पहिले तीन अंक' घेतलेत तर मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या न्यू इंग्लंडसारख्या थंड भागात हे विक्रेते ढिगाने येतील, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे गाडीत पेट्रोल भरता येत नाही.

माझा सल्ला: टाक्यांची यादी थरात टाकूच नका. ती तपासनीस म्हणून वापरा. ओएसएममधल्या पंपाला २०० मीटरच्या आत पेट्रोलची वापरातली टाकी नसेल तर त्या पंपावर 'बंद असू शकतो' अशी खूण करा. टाकी आहे पण ओएसएममध्ये पंप नाही, तर 'राहून गेला असेल' अशी खूण. दोन्ही याद्या हवाई छायाचित्रावर डोळ्याने पाहण्यासाठी आहेत. आपोआप काही काढू किंवा घालू नका.

---

थरावर_थर

ओएसएमचं सांगतो. टॅगांची, म्हणजे नकाशावरच्या प्रत्येक वस्तूला लावलेल्या माहितीच्या खुणांची, नावं इथे देवनागरीत लिहितोय, क्वेरीत मूळ रोमन स्पेलिंगच टाका.

पंप गायब होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे क्वेरीत फक्त 'नोड', म्हणजे सुटे बिंदू, मागितलेले असतात. चांगल्या नकाशा झालेल्या भागात पंप हा आवाराचा बहुभुज म्हणून काढलेला असतो, म्हणजे तो 'वे' (नोड जोडून काढलेली रेषा किंवा आकृती) असतो, कधी 'रिलेशन' (अशा घटकांचा गट). क्वेरीत 'एनडब्ल्यूआर' वापरा, त्यात तिन्ही येतात. आणि शेवटी 'आउट सेंटर' लिहा. नुसतं 'आउट' लिहिलं तर वे येतात, पण त्यांना अक्षांश-रेखांश नसतात. पायथनमध्ये ते गाळले जातात आणि चूक दाखवणारी एकही ओळ छापली जात नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. मॅसॅच्युसेट्सभोवती चौकोन काढलात तर त्यात ऱ्होड आयलंड, कनेक्टिकट आणि न्यू हॅम्पशायरचे पंप येतात. चौकोनाऐवजी 'एरिया' वापरा आणि तो आयएसओ ३१६६-२ च्या यूएस-एमए कोडवरून निवडा. चौकोनच वापरायचा असेल तर ओव्हरपासमधला क्रम दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व असा आहे. जिओजेसन या नकाशा-डेटाच्या फाइलीत मात्र बिंदूचा क्रम आधी रेखांश, मग अक्षांश. या दोहोंत गल्लत झाली की ठिपके थेट अंटार्क्टिकात जातात. तेवढं दिसतं तरी. चौकोन थोडासाच चुकला तर दिसतही नाही.

सगळं राज्य वारंवार लागणार असेल तर ओव्हरपासवर भार टाकू नका. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून राज्याची पीबीएफ (ओएसएम डेटाची) फाइल उतरवा आणि ऑस्मियम या साधनाच्या 'टॅग्ज-फिल्टर'ने 'अमेनिटी = फ्युएल' आणि 'अमेनिटी = चार्जिंग_स्टेशन' वेगळे काढा. फिल्टर डिफॉल्टने संबंधित नोडही बरोबर ठेवतो. ते बंद करणारा पर्याय लावू नका, नाहीतर बहुभुजांचे कोपरेच जातील.

दुहेरी ठिपक्यांची तीन कारणं असतात:

पहिलं, जुना नोड तसाच ठेवून कुणीतरी वर बहुभुज काढला. बहुभुजाच्या आत पडणारा, तोच टॅग असलेला नोड शोधला की हे सापडतात. नोडवरचे जास्तीचे टॅग बहुभुजावर आणा आणि नोड वगळा.

दुसरं, छपराच्या आकृतीवर 'बिल्डिंग = रूफ' बरोबर 'अमेनिटी = फ्युएल'ही लावलेलं. गाड्यांचं एक छप्पर आणि ट्रकांचं दुसरं असेल तर एका पंपाचे दोन झाले.

तिसरं, चार्जिंगमध्ये. प्रत्येक खांब 'मॅन_मेड = चार्ज_पॉइंट' म्हणून आणि सगळी जागा 'अमेनिटी = चार्जिंग_स्टेशन' म्हणून काढलेली असते. ही पद्धत बरोबरच आहे, फक्त दोन्हींची बेरीज करू नका. 'कपॅसिटी' म्हणजे एका वेळी किती गाड्या चार्ज होतील, म्हणजे अक्षवृत्त यांच्या उदाहरणातले ८. 'सॉकेट' टॅगांची बेरीज मात्र त्याच जागी १२ येईल. प्लगांची नावंही दोन्हीकडे वेगळी आहेत: अमेरिकेत 'सॉकेट:टाइप१' म्हणजे एएफडीसीचा जे१७७२, 'टाइप१_कॉम्बो' म्हणजे जे१७७२ कॉम्बो. एएफडीसीत टेस्ला म्हणून येणारा प्लग तो एनएसीएस. जुळणीचा छोटा तक्ता आधीच करून ठेवा.

चार्जिंगमध्ये सायकलींची चार्जिंग ठिकाणंही याच टॅगखाली असतात. 'बायसिकल = येस' आणि 'मोटरकार = नो' असेल तर वगळा. 'ॲक्सेस = प्रायव्हेट' ही वगळा.

इंधनांच्या टॅगांत घसरायच्या जागा:

'फ्युएल:एलपीजी' म्हणजे गाडीत भरायचा एलपीजी. सिलिंडर विकणारं दुकान 'शॉप = गॅस' असतं, ते या थरात नको.

'फ्युएल:ऑक्टेन_९१' हा टॅग सगळीकडे सारखा दिसतो, पण अमेरिकेत फलकावर लिहिलेला अंक हा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी असतो, आणि युरोपात नुसता आरओएन. एकाच पेट्रोलचा अमेरिकन अंक साधारण चार-पाचने कमी दिसतो. दोन खंडांचा डेटा एकत्र करताना ऑक्टेनची थेट तुलना करू नका.

हायड्रोजनमध्ये एच३५ आणि एच७० वेगळे ठेवा. ३५० बार आणि ७०० बार दाब आहेत ते. बस-ट्रकसाठी बहुधा पहिला, कारसाठी दुसरा. एएफडीसीतही दाबाचा आणि किरकोळ विक्रीचा रकाना वेगळा आहे.

टॅग नाही म्हणजे इंधन नाही असं समजू नका. 'फ्युएल:डिझेल' लिहिलेलं नसेल तर 'माहीत नाही' असं तिसरं मूल्य ठेवा. 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' ही तीन मूल्यं शेवटच्या थरापर्यंत जिवंत राहिली पाहिजेत. हे मी आग्रहाने सांगतोय, कारण बहुतेक खुल्या थरांत 'माहीत नाही'चं गुपचूप 'नाही' झालेलं असतं आणि ते परत सुधारता येत नाही.

---

नकाशावही

सगळ्यांचे आभार. 'आउट सेंटर'ने गायब पंप आले, विजेचे आकडेही जुळले. आता जुळणीचं अंतर राहिलं. सध्या वेब मर्केटरमध्ये (वेब नकाशांचं नेहमीचं प्रक्षेपण) ५० मीटरचा बफर, म्हणजे ठिपक्याभोवतीचं वर्तुळ, लावतोय.

---

रेखांशवाला

पहिली चूक तिथेच सापडली. वेब मर्केटरमधला मीटर हा खरा मीटर नसतो. विषुववृत्तापासून दूर जाल तसा तो फुगतो. मॅसॅच्युसेट्समध्ये, ४२ अंश अक्षांशाला, फुगवटा सुमारे १.३५ पट आहे. म्हणजे तुमचा ५० मीटरचा बफर जमिनीवर जेमतेम ३७ मीटरचा आहे. दुहेरी राहिलेले पंप त्यामुळे. अंशांमध्ये बफर काढणं त्याहून वाईट. तिथे ०.००१ अंश अक्षांश म्हणजे १११ मीटर, पण ०.००१ अंश रेखांश म्हणजे सुमारे ८३ मीटर, म्हणून वर्तुळाचा लंबगोल होतो. राज्याची स्टेट प्लेन ही निर्देशांक प्रणाली वापरा: ईपीएसजी यादीत क्रमांक २६९८६, मीटरमधली. बेटं सोडून सगळं राज्य तिच्यात नीट बसतं.

दुसरं म्हणजे प्रत्येक बिंदूचा भरवसा सारखा नसतो. एएफडीसीत 'जिओकोड स्टेटस' असा रकाना आहे. जीपीएस किंवा २००-९ असेल तर बिंदू इमारतीवर आहे. २००-८ म्हणजे पत्त्यावरून काढलेला. तो घरक्रमांकाच्या अंदाजाने रस्त्याच्या रेषेवर पडतो, भर रस्त्यातले ठिपके ते हेच. २००-७ म्हणजे चौक, २००-६ रस्ता, २००-५ झिप कोड, २००-४ गाव. शेवटच्या दोहोंना अंतरावर जुळवूच नका, पत्ता वाचून हाताने बसवा. जिथे असा रकाना नाही तिथे दोन खुणा पाहा: दशांशानंतर तीनच अंक असतील तर बिंदूची अचूकता शंभर मीटरच्या आसपास आहे, आणि दोन-चार वेगळ्या पत्त्यांना हुबेहूब तेच अक्षांश-रेखांश असतील तर तो झिपचा किंवा गावाचा मध्यबिंदू आहे.

तिसरं आणि खरं महत्त्वाचं. नुसत्या अंतरावर पंप जुळत नाहीत, कारण पंप जोडीने वसतात. चौकाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोन पंप, मध्ये ४०–५० मीटर. अंतर कमी केलंत तर एकच पंप दुहेरी राहतो, वाढवलंत तर समोरासमोरचे एक होतात. कोणताही एक आकडा दोन्ही साधत नाही. म्हणून अंतर फक्त उमेदवार शोधायला वापरा, निर्णय दुसऱ्या खुणांवर घ्या.

मी सुचवेन ती रीत अशी. उमेदवार शोधण्याचं अंतर १५० मीटर. मग घरक्रमांक पाहा. दोन्हीकडे क्रमांक आहे आणि तोच आहे, शिवाय रस्ताही तोच, तर जुळलं. क्रमांक वेगळे असून एक विषम आणि एक सम असेल तर ते रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत, म्हणजे वेगळे. अमेरिकेत एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांक द्यायची पद्धत सर्रास आहे, आणि समोरासमोरचे पंप वेगळे करायला याच्याइतकी स्वस्त खूण नाही. क्रमांक मिळत नसेल तर ब्रँड पाहा, पण आधी त्याचं एकसारखं रूप करून घ्या: अपॉस्ट्रॉफी, दुकान क्रमांक, 'मार्ट', 'एक्सप्रेस' अशी शेपटं काढा. दुकानाचं नाव आणि इंधनाचा ब्रँड वेगळे असतात. एका यादीत दुकान लिहिलेलं असतं, दुसऱ्यात इंधन. म्हणून ब्रँड वेगळा दिसला म्हणजे पंप वेगळा, असं ठरवू नका. ब्रँड तोच निघाला तरच त्याला वजन द्या.

रस्त्यांच्या नावांत मॅसॅच्युसेट्स विशेष अवघड आहे. रूट ९ घ्या. वेलस्लीत तो वुस्टर स्ट्रीट असतो, फ्रॅमिंगहॅममध्ये वुस्टर रोड आणि श्रूजबरीत बॉस्टन टर्नपाइक. एका यादीत 'रूट ९' आणि दुसऱ्यात स्थानिक नाव, अशी जोडी रोज भेटेल. रस्त्यांसाठी समानार्थी नावांचा तक्ता गावागणिक करावा लागतो. नुसती अक्षरांची जवळीक मोजून हे जमत नाही.

महामार्गावरच्या सर्व्हिस प्लाझांना (पंप आणि खाण्यापिण्याची थांब्याची ठिकाणं) तर यादीने अपवाद करून ठेवा. आय-९० महामार्गावर लडलो, ब्लँडफोर्ड आणि ली इथे पूर्वेकडे जाणाऱ्यांचा एक आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा एक असे दोन प्लाझा आहेत. गाव एक, नाव जवळपास एक. सगळे नियम त्यांना एकच ठरवतात. पण चालकाच्या दृष्टीने ते दोन आहेत, कारण मधल्या दुभाजकापलीकडे जाता येत नाही. त्यांना दिशेचा रकाना द्या. विभाजित रूट ९ वरच्या पंपांनाही हाच रकाना उपयोगी पडेल.

चार्जिंगची जुळणी पंपांत मिसळू नका. पंपाच्या आवारातही चार्जर असतात, तेव्हा ती एकच जागा म्हणायची की दोन, हे आधी ठरवा. मी दोन नोंदी ठेवून त्यांना एका 'आवार' क्रमांकाखाली बांधेन. चार्जिंगला नेटवर्कचं नाव ही ब्रँडपेक्षा चांगली खूण आहे. मोठ्या पार्किंग इमारतीत दोन नेटवर्कचे खांब शेजारी असतात, आणि त्यांचं खातं, दर, ॲप सगळं वेगळं असतं. अंतरावर ते एक करू नका.

जुळणीचा निकालही तीन प्रकारचा ठेवा: जुळलं, वेगळं, डोळ्याने पाहायचं. तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक जोडीचा निर्णय एका साध्या फाइलमध्ये दोन्ही आयडींसह लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी स्क्रिप्टने आधी तीच फाइल वाचावी. नाहीतर दर महिन्याला तेच चौक पुन्हा तपासत बसाल.

---

टाकी_आणि_टोटी

सीएनजी आणि एलपीजीबद्दल थोडी भर. सीएनजीच्या ओळीत भरण्याचा प्रकार पाहा: क्यू म्हणजे झटपट, टी म्हणजे रात्रभर सावकाश, बी म्हणजे दोन्ही. टी असलेली जागा ताफ्याची असते, वाटेत थांबणाऱ्याला तिचा उपयोग नाही. दाबाच्या रकान्यात २४००, ३००० आणि ३६०० पीएसआय असे आकडे येतात. ३६०० ची टाकी ३००० च्या पंपावर भरली तर पूर्ण भरत नाही, म्हणून हा रकाना नकाशावर दाखवण्यालायक आहे. वाहनवर्गाचा रकाना मोठा ट्रक आत वळू शकतो का ते सांगतो.

एलपीजीत 'प्रायमरी' रकाना पाहायलाच हवा. प्रायमरी म्हणजे वाहनांसाठी खास सोय असलेली जागा. बाकीच्या ठिकाणी मुख्य धंदा सिलिंडर भरण्याचा, गाडीत भरणं हे जोडकाम. दोन्ही एकाच चिन्हाने दाखवू नका.

---

खुली_नोंद

परवान्याचं. ओएसएमचा डेटा २०१२ पासून ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स) परवान्याखाली आहे. नकाशावर 'ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते' असा उल्लेख लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी अट नेमकी तुमच्या कामाला लागू होते. ओएसएममधून पंप घेतले, दुसऱ्या यादीतले तेच पंप ताडून त्यातले राहिलेले भरले आणि एक तक्ता बनवला, तर तो साधित डेटाबेस ठरतो. तो जाहीरपणे दिलात तर ओडीबीएलखालीच द्यावा लागतो. तुम्हाला खुलाच करायचा आहे, तेव्हा ओडीबीएल लावा आणि मोकळे व्हा.

तसं नको असेल तर थर वेगळे ठेवा: पेट्रोल-डिझेल पूर्ण ओएसएममधून, पर्यायी इंधन पूर्ण एएफडीसीतून. एकमेकांत काही ताडायचं नाही, काही भरायचं नाही. मग ते शेजारी ठेवलेले दोन स्वतंत्र संग्रह राहतात आणि ओडीबीएल फक्त ओएसएमच्या थराला लागतो. एएफडीसीत साधं पेट्रोल नसल्याने ही विभागणी नैसर्गिकही आहे. चार्जिंग तेवढं दोन्हीकडे आहे, तिथे एक स्रोत निवडा.

ओपन चार्ज मॅप हा चार्जिंगच्या जागांचा संग्रह जोडायचा विचार आला तर लक्षात ठेवा की त्यात वेगवेगळ्या पुरवठादारांचा डेटा आहे आणि प्रत्येकाची अट वेगळी असू शकते. एपीआयत फक्त खुला डेटा मागण्याचा पर्याय आहे, तो लावा.

उलट दिशेने, म्हणजे एएफडीसीतल्या जागा ओएसएममध्ये ढिगाने टाकायच्या असतील, तर ओएसएमची आयातीची रीत पाळा: आधी योजना लिहा, स्थानिक समुदायाशी आणि आयातीच्या यादीवर चर्चा करा, मग लहान तुकड्यांत टाका. व्यापारी नकाशांवरून पाहून पंपाची जागा किंवा नाव ओएसएममध्ये लिहू नका. एक पंप असला तरी नाही.

युरोपातलं काम कुणी करत असेल तर दोन गोष्टी. फ्रान्सच्या सरकारी इंधन-दर फाइलमध्ये अक्षांश-रेखांश एक लाखाने गुणलेले असतात, तेवढ्याने भागा. त्यात दर कळवणं ५०० घनमीटर किंवा जास्त वार्षिक विक्रीच्या पंपांनाच बंधनकारक आहे, म्हणून लहान खेडेगावचे पंप नसले तर आश्चर्य नको. स्पेनच्या मंत्रालयाच्या फाइलमध्ये दशांश चिन्ह स्वल्पविराम असतं. तो बिंदू केल्याशिवाय आकडा वाचला जात नाही.

---

अक्षवृत्त

ताजेपणाबद्दल राहिलं होतं. एएफडीसीत दोन तारखा आहेत. 'अपडेटेड ॲट' कुठलाही रकाना बदलला की बदलते. 'डेट लास्ट कन्फर्म्ड' म्हणजे जागा चालू आहे याची खात्री केल्याची तारीख. नकाशावर दुसरी दाखवा. ओएसएममध्येही शेवटच्या संपादनाची वेळ म्हणजे प्रत्यक्ष पाहणी नव्हे. राज्यभर ब्रँडच्या नावाचं स्पेलिंग सुधारलं तरी ती बदलते. 'चेक_डेट' किंवा 'सर्व्हे:डेट' टॅग असेल तरच तिला पाहणी म्हणा. बंद पंप 'डिसयूज्ड:अमेनिटी = फ्युएल' असे असतात, म्हणून तुमच्या क्वेरीत येत नाहीत. तेही वेगळे मागवून ठेवा. टाक्यांच्या यादीत चालू दिसणारी जागा तिथे बंद म्हणून आधीच नोंदलेली असेल तर तपासणीची एक फेरी वाचते.

दर महिन्याला नवी प्रत आली की जुनी पुसू नका. आयडीवर दोन्ही ताडा आणि तीन याद्या काढा: नव्या, गेलेल्या, सरकलेल्या. २० मीटरपेक्षा जास्त सरकलेला बिंदू बहुधा कुणीतरी सुधारलेला असतो, तेव्हा तुमचा जुना हाताने घेतलेला निर्णय त्या जागेपुरता रद्द करून पुन्हा पाहा. आणि गेलेल्यांची यादी एकदम लांबली तर पंप बंद झाले असं समजण्याआधी एपीआयचं उत्तर पूर्ण आलं होतं का ते पाहा. त्यातल्या 'टोटल रिझल्ट्स'चा आकडा आणि तुमच्या ओळी सारख्या नसतील तर ती प्रत टाकून द्या आणि परत मागवा.